शुमालचा वारा

वारज्याच्या पुलावर वारा कसा असतो, ते गाडीत काचा वर करून बसलेल्या माणसाला कळायचं नाही. त्याला सायकलच पाहिजे. जूनचा दुसरा आठवडा, पावसाची एखादी सर येऊन गेलेली, आणि आपण मुठेवरचा पूल ओलांडून सेवारस्त्यानं चांदणी चौकाकडे निघालेलो. एक तर चढ, त्यात पश्चिमेचा वारा थेट छातीवर. शेजारून महामार्गाचे ट्रक जातात, ट्रक आडवा असेपर्यंत वारा क्षणभर अडतो आणि तो पुढे सरकला की दुप्पट जोरानं अंगावर येतो. डॉक्टरांनी मला साखरेसाठी सायकल चालवायला सांगितली आहे. वाऱ्याबद्दल ते काही बोलले नव्हते.

अशाच एका संध्याकाळी मी सायकलवरून उतरलो, ती हातात धरून चालू लागलो, आणि मला अब्बांची आठवण आली. अब्बांचं लष्करात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं, भिंतीला टांगलेल्या रिमा आणि तासावर भाड्यानं द्यायच्या नऊ सायकली. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी दुकानासमोर हवा भरणाऱ्यांची रांग लागायची. गिऱ्हाईकांत सगळ्या जातीधर्माची माणसं. त्यातल्या एका वयस्कर पारशी गृहस्थाकडून अब्बांनी एक गोष्ट ऐकली होती आणि ती ते आम्हाला वारंवार सांगायचे. मुंबईची पारशाची सहा पोरं सायकलवर निघाली, बलुचिस्तान, इराण करत बगदादला गेली, तिथून वाळवंट ओलांडून शाम देशात उतरली आणि पुढं सगळं जग फिरून परत आली.

आम्ही भावंडं हसायचो. सायकलवर बगदाद! अब्बांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे त्यांनी सांगितलेली गोष्ट ही गोष्टच असणार, असं आम्ही शिकलेल्या पोरांनी ठरवून टाकलं होतं. मी बी.ए. झालो तरी माझं मत तेच होतं. अब्बा 2001 साली गेले. 2008 साली रोली बुक्स या दिल्लीच्या प्रकाशनानं एक जुनं इंग्रजी पुस्तक पुन्हा छापलं, 'विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड'. मूळ पुस्तक 1931 सालचं. प्रस्तावना पंडित जवाहरलाल नेहरूंची. लेखक तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. पुस्तक मी दुकानात उभ्याउभ्या चाळलं. अब्बांच्या गोष्टीतली पोरं ती हीच. आकडासुद्धा बरोबर होता, निघाले तेव्हा सहाच होते.

तर श्रोतेहो, आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

मुंबईत 1920 च्या सुमारास ओव्हल मैदानावर एका फ्रेंच प्रवाशाचं व्याख्यान झालं. हा माणूस युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. ऐकणाऱ्यांत बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची काही तरुण मुलं होती. त्यांच्या डोक्यात किडा शिरला. पायी नको, सायकलनं जाऊ, आणि एका देशात कशाला, पृथ्वीप्रदक्षिणाच करू. तयारीला तीनेक वर्षं गेली. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहाजण मुंबईहून निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया. सगळे विशीतले.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर आपल्या लोकांना सगळ्यात 'जगात पहिले' म्हणायची सवय आहे. सायकलवर जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले नव्हेत. थॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ 1884 ते 1887 या काळात पुढं भलंमोठं आणि मागं इवलंसं चाक असलेल्या सायकलवर हे करून बसला होता आणि जाता जाता लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या देशातूनही गेला होता. त्यानंतरही काही इंग्रज, अमेरिकन फिरले. पण ते सगळे राज्यकर्त्यांच्या बाजूचे किंवा त्यांच्या गोतातले. ही सहा पोरं मात्र गुलाम देशाची प्रजा होती. खिशात ब्रिटिश हिंदुस्थानचा पासपोर्ट, आणि हा पासपोर्ट नावाचा प्रकारसुद्धा नवाच, त्याचा कायदा आपल्याकडे 1920 सालचा. परक्या मुलखात त्यांना कुणी 'तुम्ही कोण?' असं विचारलं की उत्तर सोपं नसणार. हिंदी? इंग्रजांची रयत? पारशी? आणि इराणात शिरल्यावर तर हा प्रश्न फारच गमतीचा होतो. ज्या भूमीतून पूर्वज धर्म वाचवण्यासाठी समुद्रमार्गे संजाण बंदराला आले, त्याच भूमीत हजारेक वर्षांनी त्यांचे वंशज मागल्या दारानं, सायकलच्या घंट्या वाजवत परत येत होते.

ज्या महिन्यात ते निघाले, तो ऑक्टोबर 1923 नुसता डोळ्यांपुढे आणून पाहा. 28 तारखेला इराणात रझा खान पंतप्रधान झाला, हाच दोन वर्षांनी शहा होणार होता. 29 तारखेला मुस्तफा केमालनं तुर्कस्तानात प्रजासत्ताक जाहीर केलं. पुढल्या मार्चमध्ये तिथली खिलाफतच बरखास्त झाली, जिच्यासाठी आपल्याकडे गांधीजी आणि अलीबंधू यांनी केवढी चळवळ उभी केली होती. इराक इंग्रजांच्या ताब्यात, सीरिया फ्रेंचांच्या. चारशे वर्षं एका सुलतानाच्या राज्यात असलेल्या वाळवंटात आता नकाशावर पट्टीनं रेघा ओढल्या जात होत्या. आणि याच ऑक्टोबरात नॉर्मन आणि जेराल्ड नेर्न या न्यूझीलंडच्या दोघा भावांनी बगदाद ते दमास्कस अशी मोटारसेवा सुरू केली. ज्या वाटेला उंटांच्या काफिल्याला कित्येक दिवस लागायचे, तिथं मोटार रात्रंदिवस धावू लागली. त्याआधी 1921 साली इंग्रजांच्या हवाई दलानं अम्मान ते बगदादच्या वाळवंटात नांगरासारखी लांबलचक रेघ मारून ठेवली होती, का, तर टपाल नेणाऱ्या वैमानिकाला वरून वाट दिसावी. म्हणजे वाळवंटाचा दबदबा उतरायला लागला होता. मोटारवाल्यासाठी आणि विमानवाल्यासाठी. सायकलवाल्यासाठी ते जसंच्या तसं होतं.

पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून ते इराणात गेले. त्या काळी बलुचिस्तानातून इराणात जायचं म्हणजे क्वेटा, नुश्की, दालबंदिन करत दुझदापकडे. या दुझदापचं नाव फारसी जाणणाऱ्याला लगेच उलगडतं. दुज्द म्हणजे चोर, आब म्हणजे पाणी. पाणीचोर गाव! पुढे त्याचं झाहेदान असं सोज्वळ नामकरण झालं. पण जुन्या माणसांनी नावं उगाच ठेवलेली नसतात. ज्या गावाच्या नावातच पाण्याची चोरी, तिथून पुढं काय वाढून ठेवलंय ते समजावं.

तेहरानहून नरिमन कपाडिया परत फिरला. सहाचे पाच झाले. पाचजण बगदादला आले आणि तिथून त्यांनी अलेप्पोची वाट धरली. अलेप्पोला आपल्या उर्दू-फारसीत हलब म्हणतात. अंतर 956 किलोमीटर. त्यांनी ते 23 दिवसांत तोडलं.

हा आकडा वाचून प्रथम मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. मग भागाकार केला. दिवसाला एक्केचाळीस-बेचाळीस किलोमीटर. पुण्याहून शिरवळसुद्धा याहून लांब आहे. वजन उचलणारी, कसलेली, विशीतली पोरं, तीही हजारो किलोमीटर सायकल मारून तयार झालेली. धड रस्त्यावर हे अंतर ती सकाळच्या तीन तासांत मारतील आणि वर न्याहारीला वेळ उरेल. त्याला पहाटेपासून अंधारापर्यंतचा आख्खा दिवस लागतो, तेवीस दिवस रोज लागतो, याचा अर्थ ती पोरं सायकलवर कमी आणि सायकलशेजारी जास्त होती. ढकलत, ओढत, खांद्यावर घेत. या हिशेबात वाळवंट दडलेलं आहे.

वाळवंट म्हटलं की आपल्याला सिनेमातल्या पिवळ्याधमक टेकड्या दिसतात. बगदाद ते अलेप्पोचा मुलूख बराचसा तसा नाही. खडेगोटे, कडक भुई, मधूनच भुसभुशीत पट्टे, कोरडे ओढे. काफिल्यांची जुनी वाट फुरात नदीच्या काठाकाठानं वर चढते, रमादी, हीत, आना, देर-एझ-झोर. नदी वळणं घेते तिथं वाट तिला सोडून सरळ पठारावर जाते. म्हणजे पाणी आहे म्हणायला आहे, पण तुम्ही असता तिथं नाही. सायकलचं टायर दोन बोटं रुंदीचं. उंटाचा पाय पसरट, तो वाळूवर ठरतो. सायकल सुरीसारखी आत जाते.

फुरात हे नाव माझ्यासारख्याला भूगोलाच्या पुस्तकात भेटत नाही, ते मोहरममध्ये भेटतं. करबला याच नदीच्या मुलखात. इसवी सन 680 मध्ये हजरत इमाम हुसैन आणि त्यांच्याबरोबरच्या लेकराबाळांना नदी जवळ असून पाणी मिळू दिलं नाही. आमच्या लष्करात मोहरमला सबील लागते, येणाऱ्याजाणाऱ्याला सरबत नाहीतर पाणी द्यायचं. अब्बा दुकानापुढं दरवर्षी मडकं मांडायचे. ताबूत बघायला आलेले हिंदू शेजारीही ते पाणी प्यायचे. आपल्या खेड्यापाड्यांतून तर ताबूत बसवणारे, डोल्यापुढं नवस फेडणारे निम्मे लोक हिंदूच असतात. सांगायचा मुद्दा असा, की अब्बा जेव्हा 'पारशाची पोरं फुरातच्या काठानं गेली' म्हणायचे, तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरायचा. त्या वाटेवर तहान लागणं म्हणजे काय, ते त्यांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

आता वाऱ्याकडे येतो. नकाशा काढून पाहा. बगदादहून अलेप्पो वायव्येला आहे. आणि त्या देशात उन्हाळाभर जो वारा वाहतो तोही वायव्येकडूनच येतो. त्याला अरबीत शमाल म्हणतात. आमच्या उर्दूत शुमाल. शुमाल, जुनूब, मशरिक, मगरिब, या चार दिशा मी मौलवीसाहेबांकडे पाठ केल्या होत्या, पण शुमाल हे एका वाऱ्याचं नाव आहे हे मला पन्नाशीजवळ आल्यावर कळलं. हा वारा खाली इराणच्या आखातापर्यंत जातो. दिवस चढू लागला की जोर धरतो, धूळ उठवतो, दिवसचे दिवस थांबत नाही. त्याच्या पोटातून बगदादहून हलबला सायकलनं जायचं म्हणजे थेट त्याच्या तोंडात शिरायचं.

वारा सायकलवाल्याचं नेमकं काय करतो? सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगानं जाताना आपली निम्म्याहून जास्त ताकद नुसती हवा कापण्यात जाते. वारा पडलेला असताना ताशी वीस किलोमीटरनं गेलो तर अंगावर वीसचाच वारा लागतो. समोरून वीसचा वारा सुटला आणि तुम्ही तोच वेग धरायचा हट्ट केलात, तर अंगावर चाळीसचा येतो, आणि हवेचा रेटा दुपटीनं वाढत नाही, चौपटीनं वाढतो. म्हणून शहाणा माणूस वेग सोडतो. चढ असेल तर माथा दिसतो, माथ्यापलीकडे उतार असणार ही आशा असते. वाऱ्याला माथा नसतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. एक दिवस मीही भोगलेला आहे. त्यांच्यापुढं तो अगदीच किरकोळ, पण माझ्याकडे तेवढाच आहे.

बी.ए.ची परीक्षा दिली त्या वर्षी, 1990 च्या मे महिन्यात, आम्ही चौघे मित्र पुण्याहून जैसलमेरला सायकलनं गेलो. राजस्थानात मे महिन्यात जाऊ नये हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. सुटी मेमध्येच असते, यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांच्याकडेही नव्हतं. माझी सायकल अब्बांच्या भाड्याच्या नऊपैकी एक, काळी, बावीस इंची, गिअर नावाची गोष्ट तिनं स्वप्नातही पाहिली नव्हती. मुंबई, सुरत, अहमदाबाद, पालनपूर, जोधपूर करत अठराव्या दिवशी आम्ही पोकरणहून निघालो. पुढं एकशेदहा किलोमीटरवर जैसलमेर. शेवटचा टप्पा, सपाट डांबरी रस्ता. संध्याकाळी चारला किल्ला बघायचा, असं ठरलेलं.

पहाटे साडेचारला निघालो तेव्हा पानही हलत नव्हतं. आठच्या सुमारास पहिली झुळूक आली. बरं वाटलं, घाम सुकला. नऊ वाजता तिची लू झाली. नैर्ऋत्येचा वारा, म्हणजे डाव्या खांद्यावरून तिरपा. तिरपा वारा सरळ वाऱ्यापेक्षा वाईट. सायकल सारखी उजवीकडे, रस्त्याच्या आत ढकलली जाते, तुम्ही हँडल डावीकडे धरून ठेवता, आणि मागून लष्कराचा ट्रक आला की त्याच्या आडोशानं वारा एकदम नाहीसा होतो, मग तुमचा तोल डावीकडे वाळूत जातो. मी तीनदा पडलो. वाळू रस्त्यावरून सरसर आडवी धावत होती, घोट्यांना बारीक चिमटे घेत होती. तोंडाला रुमाल बांधला तर श्वास पुरेना, सोडला तर दातांत कचकच. बोलणं बंद झालं. एकमेकांच्या मागं रांगेनं चालवावी, पुढच्याच्या आडोशात राहावं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. प्रत्येकजण आपापला वारा वेगळा खात होता.

लाठी नावाचं गाव आहे मध्ये. तिथं पोहोचेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता. आमच्यातला एकजण, सर्वांत दणकट, उलट्या करून रस्त्याकडेच्या केरीच्या झुडपाखाली आडवा झाला. चौघांत मिळून अर्धी बाटली पाणी, तेही चहासारखं गरम. मला अजून आठवतं, मी त्या बाटलीकडे आणि मित्राकडे पाहिलं आणि पहिला विचार मनात आला तो चांगला नव्हता. मी एक घोट गुपचूप घेतला. ही गोष्ट त्या मित्राला मी अजून सांगितलेली नाही. तो रेडिओ ऐकत असेल तर आज कळेल.

एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. डोक्याला पागोटं, खांद्यावर कापडात गुंडाळलेली पाण्याची पिशवी. त्यानं आधी आजारी मित्राच्या मानेवर ओला फडका ठेवला, मग थोडं थोडं करून सगळ्यांना पाणी पाजलं. त्या मुलखात पाणी देण्याआधी जात विचारायची रीत आहे असं आम्हाला वाटेत दोनदा अनुभवाला आलं होतं, आणि अशा वेळी मी माझं नाव पटकन सांगत नसे, खोटं कशाला बोलू. इथंही मी मनाशी तयारी करत होतो. त्यानं नावं विचारली नाहीत. त्यानं विचारलं, "तुमच्या मागे कोण लागलंय?" कुणी नाही म्हटल्यावर तो बराच वेळ आमच्याकडे आणि सायकलींकडे पाहत राहिला. मग म्हणाला, सूर्य कलला की निघा, वारा दमतो. खरोखरच पाचनंतर वारा दमला. चांधनला चहा घेतला आणि जैसलमेरचा किल्ला रात्री सव्वादहाला पाहिला, म्हणजे पाहिला नाहीच, नुसता काळा डोंगर दिसला.

एकशेदहा किलोमीटरला पावणेअठरा तास. हाताशी डांबरी रस्ता, मैलाचे दगड, चहाची टपरी, आणि तो एकच दिवस. बगदादहून निघालेल्या पाचांनी असे तेवीस दिवस काढले, आणि त्यांनी लिहून ठेवलेलं तापमान पन्नास अंशांच्या पुढं जातं. वाळूची वादळं, पाणी नाही, अन्न नाही. एवढ्या उन्हात पंक्चर काढायचं म्हणजेही एक विद्याच. रबराला लावलेलं सोल्युशन ठिगळ ठेवायच्या आधीच सुकून पापुद्रा होतं. चेनमध्ये वाळू गेली की ती तेलात मिसळून कानशीसारखी दातं खाते. माझ्या अब्बांना हे न जाता माहीत होतं. मला जाऊन आल्यावर कळलं.

अलेप्पोनंतरचा त्यांचा प्रवास मी भराभर सांगतो, कारण तो लांबलचक आहे आणि माझं मन खरं तर त्या वायव्य वाटेवरच अडकलेलं आहे. सिनाईचं वाळवंट त्यांनी ओलांडलं, तेच, जिथं हजरत मूसा आपल्या लोकांना घेऊन चाळीस वर्षं भटकले अशी कथा तिन्ही किताबी धर्मांत आहे. मग इटली, बर्फातले आल्प्स, इंग्लंड, तिथून बोटीनं अमेरिका. अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलनं पार केली. एकाला, गुस्ताद हाथीरामला, तो देश इतका आवडला की तो तिथंच राहिला. केकी पोचखानवालाही पुढं त्यांच्याबरोबर नव्हता. उरले तिघं. ते जपानला गेले, जपानच्या अंमलाखालच्या कोरियात गेले, आणि चीनमध्ये शिरले तेव्हा तिथं सरदार आणि चँग कै-शेक यांच्या फौजांची धुमश्चक्री चालू होती. 18 मार्च 1928 रोजी हकीम, बापासोला आणि भुमगरा मुंबईत परतले. चार वर्षं पाच महिने. चव्वेचाळीस हजार मैल, म्हणजे सुमारे 71,000 किलोमीटर.

ते वाटेत असतानाच मुंबईहून आणखी एक पारशी निघाला होता. फ्रामरोझ दावर, क्रीडापत्रकार, वय तिशीचं, एकटा. जानेवारी 1924 मध्ये तो निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव स्टायव्हानिक नावाचा ऑस्ट्रियन तरुण भेटला आणि पुढची सात वर्षं दोघं बरोबर फिरले. त्यांनी सहारा ओलांडलं, अँडीज चढले, अॅमेझॉनच्या जंगलात महिनेच्या महिने काढले. सहारावर दावरनं वेगळं पुस्तकच लिहिलं आहे. एक हिंदी, एक ऑस्ट्रियन, दोघांची मातृभाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि वाळवंटात दोघांना वारा एकच. मला त्या दोघांच्या भांडणांविषयी वाचायला फार आवडलं असतं. सात वर्षांत भांडले नसतील असं होणारच नाही. पुढं 1933 साली केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ असे आणखी तिघे निघाले, तेही अफगाणिस्तानच्या वाटेनं, आणि 1942 मध्ये महायुद्ध पेटलेलं असताना परत आले.

एवढं सगळं आपल्या मुंबईत घडलं आणि मराठी माणसाला त्याचा पत्ता नाही, याचं मला नवल वाटतं आणि वाटतही नाही. त्यांनी लिहिलं इंग्रजीत. बातम्या वाचल्या असतील गुजराती वाचणाऱ्यांनी. आपण प्रवासवर्णनाचे केवढे शौकीन, गोडसे भटजींचा 1857 च्या धामधुमीतला प्रवास आपण अजून आवडीनं वाचतो. पण ही पोरं आपल्या खात्यात कधी जमाच झाली नाहीत. पारशी म्हणजे नाटकवाले, गिरणीवाले, बेकरीवाले, एवढीच त्यांची नोंद. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून या नोंदवहीचा मला थोडा अनुभव आहे. कविसंमेलनात 'तुम्ही मराठीत लिहिता? वा!' असं कुणी कौतुकानं म्हणतं, तेव्हा मी हसून आभार मानतो. घरी येऊन मात्र त्या 'वा'चा विचार करत बसतो. अलीकडे गोव्यातले अनूप बाबानी आणि साविया व्हिएगस या दोघांनी या पारशी सायकलस्वारांची छायाचित्रं, पुस्तकं, घराण्यांतल्या आठवणी शोधून काढल्या, प्रदर्शन भरवलं, पुस्तक केलं. त्यामुळे निदान नावं तरी पुन्हा लोकांपुढं आली.

मराठी माणूस सायकलवर निघालाच नाही असंही नाही. बाबा आमटे 1985 च्या डिसेंबरात शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बाबांच्या पाठीच्या कण्याचं दुखणं इतकं, की ते स्वतः गाडीत आडवे आणि पोरं सायकलवर. पंजाब पेटलेला असताना 'भारत जोडो' म्हणत गेलेली ती यात्रा. तीन वर्षांनी ते पुन्हा निघाले, ईशान्येकडून गुजरातकडे. बाबा कवीही होते, त्यामुळे मला ते जवळचे. आणि 2018 साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं वयाच्या विसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सुरुवात करून 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल मारून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या हाताशी उपग्रहानं दाखवलेली वाट होती, हवामानाचा अंदाज होता. तरी स्पेनमध्ये चोरट्यांनी तिला मारहाण करून लुटलंच. आणि वाऱ्याचा अंदाज आधी कळला म्हणून वारा काही कमी लागत नाही.

आमच्या वारज्याला लागून कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक बरोबर घेऊन उडी मारायचे ती घडीची सायकलही तिथं आहे. मी सुटीच्या दिवशी नातवाला घेऊन गेलो होतो. एका काळ्या, बावीस इंची सायकलपाशी मी फार वेळ उभा राहिलो म्हणून तो कंटाळला.

जैसलमेरहून आम्ही रेल्वेनं परतलो, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकून. मी दुकानात शिरलो तेव्हा अब्बांनी माझी चौकशी केली नाही. सायकल उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि कान जवळ नेला. "रेत गई अंदर," एवढंच म्हणाले. मग पान्हा घेऊन त्यांनी एक्सल खोलला, छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले, आणि हबच्या आतलं ग्रीस काडीनं खरवडून जुन्या वर्तमानपत्रावर काढलं. ते काळं ग्रीस बोटांनी चोळलं तेव्हा त्यातून चिमूटभर पिवळी वाळू निघाली. पुणे सोडल्यापासून मी हब एकदाही उघडला नव्हता. अब्बा त्या चिमटीकडे पाहत म्हणाले, पारशाची पोरं हे रोज रात्री करत असतील.

मी तेव्हाही हसलो होतो. अब्बांनी छर्रे पुसले, मोजले, एक कमी भरला, तो डब्यातून नवा घातला आणि दुसरं चाक खोलायला घेतलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)